पुढचा थांबा चार वर्षांनी

“आज या क्षणापासून मानवजातीच्या इतिहासातून ‘स्थावर’ हा शब्द हद्दपार झाला आहे!” गोरखेडचे महापौर बापूसाहेब हुलवळे यांनी ध्वनिक्षेपकात गर्जना केली, टाळ्यांसाठी थांबले, आणि खाली पाहतात तो त्यांची डाव्या पायाची चप्पल सात मजली मॉलखाली निघालेली.

चूक तशी कुणाचीच नव्हती. नारळ फोडायचा म्हणून बापूसाहेबांनी चपला इमारतीसमोर काढून ठेवल्या होत्या. इमारतीसमोर चपला काढताना ती आपल्या अंगावर चालून येईल, असा विचार करायची सवय गोरखेडात अजून कुणालाच लागली नव्हती. उद्घाटनापुरता मॉलचा वेग पन्नासपट ठेवला होता आणि भाषण पावणेदोन तास चाललं होतं. उजवी चप्पल जराशी बाजूला होती म्हणून वाचली. डावी कडेच्या रबरी झालरीत अडकली, यंत्राने अडथळा ओळखला आणि साठ हजार टनांची इमारत एका चपलेपुढे नम्रपणे उभी राहिली.

‘चलसुगम परिवहन’ कंपनीचे अध्यक्ष संग्राम इनामके यांनी घाम पुसत इंजिनिअरांना खूण केली. हवेचा दाब वाढला, इमारत बोटभर वर उचलली गेली आणि चप्पल आत घेऊन पुढे सरकली. मागे घ्या म्हणावं, तर ठरलेल्या मार्गावर वाहन उलटं हाकायला वेगळी परवानगी लागते. बापूसाहेब एका पायाने अनवाणी घरी गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, ‘महापौरांचे पाऊल मातीशी’.

ही सगळी हकिगत नोंदवून घेणारी एकच व्यक्ती तिथे होती. करनिर्धारण विभागातल्या इंदुमती रणखांबे टेप आणि गेरूचा डबा घेऊन तिसऱ्या रांगेत उभ्या होत्या. इमारत कुठून निघाली, त्या जागी गेरूची रेघ मारणं हे त्यांचं काम. रेघ मारून त्यांनी पंचनाम्यात लिहिलं: ‘वाहनाखाली एक नग चप्पल, डावी, वापरातील.’ आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या.

इमारत चालते कशी, हे समजायला कॅरम खेळलेलं असलं म्हणजे पुरे. बोर्डावर पावडर टाकली की सोंगटी कशी सुळकन जाते? सोंगटी आणि लाकूड यांच्यामध्ये काहीतरी आलं, म्हणून जाते. भूकंपात घरं पडू नयेत म्हणून डॉ. मंजिरी खळदकर नावाच्या बाईंनी त्या पावडरीच्या जागी हवा घातली. इमारतीच्या तळाला बारीक छिद्रांच्या चिनीमातीच्या लाद्या आणि त्यांतून दाबाने सोडलेली हवा. तिचा थर केसाहून पातळ, पण सगळीकडे सारखा पसरला की त्यावर सात मजले तरंगतात. जमीन हलली तरी इमारतीला पत्ता लागत नाही. पाणी, वीज आणि सांडपाणी यांच्यासाठी हत्तीच्या सोंडेसारख्या लांबणाऱ्या नळ्या. अशी इमारत पुढे ढकलायला एक बेताची मोटरही पुरते, हे खळदकरबाईंनी आपल्या निबंधाच्या तळटीपेत, छोट्या अक्षरांत लिहिलं होतं. जगात तळटीपा वाचणारे दोनच प्रकारचे लोक असतात. इनामके त्यांपैकी एका प्रकारातले.

इनामक्यांच्या कंपनीकडे गोरखेडच्या शहर बससेवेचा तीस वर्षांचा मक्ता होता. बस चालवणं हे पुण्यकर्म, म्हणून पालिकेने करारात सवलत दिली होती. कलम सात: ‘ठराविक मार्गावर, जाहीर वेळापत्रकाप्रमाणे तिकीटधारक प्रवाशांची ने-आण करणारे कोणतेही वाहन, त्याचा आकार, वेग व चाकांची संख्या विचारात न घेता, महापालिकेच्या सर्व करांतून मुक्त राहील.’

चाकांची संख्या शून्यही असू शकते, हे पालिकेत कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं होतं ते कलम लिहिणाऱ्याच्या. तो कंपनीचा विधी अधिकारी, पुष्कराज रणखांबे. इंदुमतीबाईंचा एकुलता एक मुलगा. लहानपणी इतर मुलं पऱ्यांच्या गोष्टी ऐकत झोपायची, तेव्हा हा आईच्या मांडीवर बसून घरपट्टीचे नियम ऐकायचा. त्याचं हे फळ.

तर, इनामक्यांचा मॉल हे वाहन झालं. मार्ग, जुन्या जिनिंग मिलपासून टांगा स्टँडपर्यंत. अंतर दीडशे मीटर, वेग दिवसाला चार बोटं, प्रवासाचा काळ सहा वर्षं. दारात तिकीट एक रुपया. वाहन म्हटलं की कंडक्टर हवा, म्हणून कंपनीने गेनूभाऊ शेलार नावाच्या त्रेसष्ट वर्षांच्या निवृत्त कंडक्टरला नेमलं. ते खाकी कपडे घालून येत, बिल्ला लावत, आणि सकाळी दहाच्या ठोक्याला दोनदा घंटा मारत. घंटेनंतर मॉल सुटे. सगळं गाव हसे. गेनूभाऊ हसत नसत.

दोन वर्षांत इनामक्यांनी मक्त्यात पोटमक्ते दिले. लॉज चालू लागलं, मंगल कार्यालय चालू लागलं, क्लासवाल्यांची चार मजली इमारत चालू लागली. गोरखेडात वजनदार माणसाची इमारत तेवढी चालती, बाकीच्यांची उभी, आणि घरपट्टी फक्त उभ्यांना. खऱ्या बस मात्र अडतीसच्या नऊ झाल्या, कारण बसला डिझेल लागतं, ड्रायव्हर लागतो आणि ती बिचारी खरोखर कुठेतरी जाते.

तिजोरी आटली तशी पालिकेने काटकसर सुरू केली. आधी बागेतलं कारंजं बंद केलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते आधीही बंदच होतं. मग एकाआड एक दिवे. आणि मग फेब्रुवारीत ठराव झाला: लोहारवेशीतलं प्रसूतिगृह एकतीस मार्चपासून कायमचं बंद.

सोळा खाटांचं ते प्रसूतिगृह. इंदुमतीबाई तिथेच जन्मलेल्या. पुष्कराजही तिथलाच, नऊ नंबरच्या खाटेवरचा. आता अडलेल्या बाईने जायचं कुठे, तर बावीस किलोमीटरवरच्या सरकारी रुग्णालयात. जायचं कसं, तर नऊ बसपैकी जी मिळेल तिने.

आणि त्याच एकतीस मार्चला दोन गोष्टी आणखी होत्या. मॉल अजून वाहनच आहे, या प्रमाणपत्रावर करनिर्धारण विभागाची सही लागत होती. आणि सही करणाऱ्या इंदुमतीबाई त्याच दिवशी निवृत्त होत होत्या.

“आई, सही करणार आहेस ना?” पुष्कराजने पोह्यांवर लिंबू पिळत विचारलं.

“इमारत चालते का?”

“चालते. दर महिन्याला गेरूची रेघ तूच मारतेस.”

“म्हणून ती वाहन?”

“कलम सातप्रमाणे वाहन.”

“आणि प्रसूतिगृह?”

“ते उभं आहे, आई. त्याला मी काय करू?”

“तू जन्मलास तेव्हाही उभंच होतं. पळत असतं, तर मला गाठता आलं नसतं.”

पुष्कराजने चमचा खाली ठेवला. “मी नोकर माणूस आहे गं.”

“मीही नोकरच. तेहतीस वर्षं. पण मी कधी भिंतीला बस म्हटलं नाही.”

त्या दिवसापासून मायलेकांचं बोलणं बंद झालं. पण काम थांबून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरणीखाली एक पत्र होतं: ‘महोदया, कर-सवलत प्रमाणपत्राबाबत आपले लक्ष वेधण्यात येते की...’ इंदुमतीबाईंनी जेवण आटोपून, हात धुऊन, त्यावर शेरा मारला: ‘करारनाम्याची परिशिष्टे जोडलेली नाहीत. त्रुटीपूर्ततेसाठी परत.’ आणि पत्र परत बरणीखाली ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पुष्कराजने चौऱ्याण्णव पानांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि अबोला मोडला. “ही घे परिशिष्टं. ‘क’पासून ‘ग’पर्यंत.”

“‘ग’मध्ये काय आहे?”

“बसप्रवाशांचे नियम. जुन्या करारातून जसेच्या तसे उचललेत. ते कोणी वाचत नाही.” तो दाराशी जाऊन थांबला. “मीसुद्धा वाचलेले नाहीत.”

“मी वाचते,” इंदुमतीबाई म्हणाल्या. जगात तळटीपा वाचणाऱ्या दुसऱ्या प्रकारातल्या त्या.

एकोणतीस मार्चला दुपारी करनिर्धारण विभागात इंदुमतीबाई मोठ्याने हसल्या. तेहतीस वर्षांत प्रथमच. शिपायाला वाटलं उंदीर निघाला, तो झाडू घेऊन धावत आला. बाईंनी त्याच्यासमोरच प्रमाणपत्र ओढलं आणि सही ठोकली. सहीच्या वर स्वहस्ताक्षरात एक ओळ वाढवली: ‘सदर मॉल हे परिशिष्ट ‘ग’मधील सर्व अटींसह पूर्णतः प्रवासी वाहन असल्याचे प्रमाणित करण्यात येते.’

इनामक्यांनी पेढ्यांचा पुडा पाठवला. बाईंनी तो परत केला. वर चिठ्ठी, ‘प्रवाशांत वाटावेत.’

एकतीसला निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि अस्थिर खुर्चीवर बसवून स्थिर आयुष्याच्या शुभेच्छा. प्रसूतिगृहाच्या मेट्रन अनसूया भिंगारे मुद्दाम आल्या होत्या, पण हार घेऊन नाही.

“सही केलीत म्हणे, बाई. माझ्या पोरींना उद्यापासून रस्त्यावर बाळंत व्हा म्हणून सांगू?”

“रस्त्यावर कशाला?” इंदुमतीबाईंनी नारळ पिशवीत टाकला. “उद्या साडेनऊला मॉलच्या दारात या. डॉक्टरीणबाईंना घेऊन या, पोरींना घेऊन या, सामान घेऊन या. फक्त प्रत्येक नग वीस किलोच्या आत हवा. त्यावर लगेज पडतं.”

दुसऱ्या दिवशी एक एप्रिल होता. त्यामुळे कंपनीच्या अधिकाऱ्यांना अकरा वाजेपर्यंत तो सगळा प्रकार थट्टाच वाटला.

दारात चौदा गरोदर बाया, मागे मेट्रन, डॉक्टरीण, दोन आया. सगळ्यांच्या पुढे इंदुमतीबाई, हातात रुपया.

“या बाई,” गेनूभाऊ तिकीट फाडत म्हणाले.

“एक टांगा स्टँड द्या.”

गेनूभाऊंचा हात थांबला. दोन वर्षांत हजारो लोकांनी तिकीट काढलं होतं, पण कुठे जायचं ते एकानेही सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“टांगा स्टँड? डायरेक्ट?”

“डायरेक्ट. या मागच्या सगळ्यांनाही.”

“सामान काय हाय?”

“बाळंतपणाचं टेबल आहे, सुटं केलेलं. काटा असेल तर वजन करा.”

गेनूभाऊंनी एकेक पाय, एकेक फळी तोलली. एकोणीस किलो, साडेअठरा किलो. “बसतंय नियमात. चला, आत सरा, आत सरा, दारात गर्दी नको!” आणि दहाच्या ठोक्याला त्यांनी अशी काही घंटा मारली, की तळमजल्यावरच्या बुटांच्या दुकानातला माणूस दचकून उभा राहिला.

परिशिष्ट ‘ग’, अट अकरा: वाहनातील बसण्याच्या एक चतुर्थांश जागा गरोदर स्त्रिया व तान्ह्या मुलांच्या मातांसाठी राखीव असतील. दुसऱ्या मजल्यावर गाद्यांचं मोठं दालन होतं. बाया तिथे टेकल्या.

“अहो, या विकायच्या गाद्या आहेत!” दुकानदार ओरडला.

“यांच्यावर बसता येतं की नाही?” इंदुमतीबाईंनी विचारलं.

“येतं की! स्प्रिंगच्या आहेत, दहा वर्षांची हमी—”

“मग आसन आहे. राखीवची पाटी लावून घ्या.”

बारा वाजता पुष्कराज चार सुरक्षारक्षक घेऊन आला. आई कोपऱ्यातल्या गादीवर पाय वर घेऊन डब्यातली थालीपीठं वाटत होती.

“आई, हे काय चाललंय?”

“प्रवास.”

“उतर आधी.”

“माझा थांबा आला का?”

पुष्कराजने घड्याळाकडे पाहिलं.

“नाही ना? किती वेळ आहे अजून?”

“चार वर्षं,” तो पुटपुटला. “आणि अकरा दिवस.”

“मग बस थोडा वेळ. थालीपीठ खा.”

रक्षक पुढे सरकले, तसे गेनूभाऊ मध्ये आले. बिल्ला सरळ केला. “अट चवदा,” ते म्हणाले. कालच्या संध्याकाळी इंदुमतीबाईंनी त्यांना घरी जाऊन परिशिष्ट दिलं होतं, आणि त्यांनी ते पोथीसारखं वाचलं होतं. “तिकीटवाल्या प्यासेंजरला थांब्याआधी उतरवता येत न्हाई. एकतीस वर्षं नोकरी केली साहेब, कोंबड्या घेऊन चढलेलाबी मधे उतरवला न्हाई. ह्या तर दोन जिवांच्या.”

“गेनूभाऊ, तुम्ही कंपनीचे नोकर आहात.”

“मी गाडीचा कंडक्टर हाय. ही गाडी न्हाई म्हणा, लगेच बिल्ला काढून देतो.”

‘ही गाडी नाही’ एवढे तीन शब्द कंपनीच्या माणसाला उच्चारणं शक्य नव्हतं. दोन वर्षांची सवलत ते तीन शब्द न उच्चारण्यावर उभी होती. म्हणजे, चालत होती.

इनामके संतापले. “वेग वाढवा! महिन्यात टांगा स्टँडला पोचवा आणि सगळ्यांना उतरवा!” इंजिनिअर म्हणाले, नळ्या तुटतील, काचा तडकतील आणि पहिला फुटेल तो चौथ्या मजल्यावरचा मत्स्यालयाचा हौद. शिवाय तिथे पोचल्यावर बायांनी परतीचं तिकीट काढलं तर?

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता, पडद्यांच्या दुकानातून आणलेल्या आठ पडद्यांच्या आडोशाला, शबाना तांबोळी बाळंत झाली. मुलगी झाली. खालच्या मजल्यापर्यंत तिचा आवाज पोचला. गेनूभाऊ वर आले, दारातूनच टोपी काढली आणि आपल्या वहीत लिहिलं: ‘एक प्रवासी मार्गात चढला. तिकीट मोफत.’

“मोफत म्हणजे पाच वर्षांपर्यंत ना?” शबानाच्या सासूने विचारलं.

“न्हाई आज्जी. अट सतरा. चालत्या गाडीत जन्मलेल्याला मरेस्तवर मोफत. आन् बारा वर्षांचं होईस्तवर सोबत एक पालक.”

तो सतरावा नियम कुण्या जुन्या काळच्या दयाळू साहेबाने घातला असणार. बसमध्ये पाच-दहा वर्षांतून एखादं मूल जन्मतं, त्याचं कौतुक म्हणून. चालत्या प्रसूतिगृहाचा विचार त्याने केला नव्हता.

वीस दिवसांत अकरा मुलं झाली. अकरा आजन्म प्रवासी, अकरा पालक, सगळ्यांना वातानुकूलित मॉलमध्ये कुठेही, कितीही वेळ बसायचा हक्क. बातमी फुटली. शेजारच्या तालुक्यांतून जीपा भरून बाया येऊ लागल्या. त्यांत बंगल्यातल्याही होत्या. एकीचा होणारा नवरा तर लग्नाआधीच चौकशी करून गेला. मंगल कार्यालयाच्या मालकाने रातोरात स्वतःच्या इमारतीला विटांची टेकणं लावली आणि अर्ज दिला, ‘आमची वास्तू जागची हलत नाही, कृपया घरपट्टी लावावी.’ पालिकेच्या इतिहासात असा अर्ज पहिलाच. आवक विभागाला तो कुठल्या रजिस्टरात घ्यावा ते कळेना.

एकविसाव्या दिवशी इनामके स्वतः गाद्यांच्या दालनात आले. दाढी वाढलेली. कुणाच्या तरी ओल्या लंगोटाला चुकवत ते इंदुमतीबाईंपर्यंत पोचले.

“बाई, ऐका हो. ही इमारत आहे. साधी इमारत! भिंती आहेत, गच्ची आहे...”

“पाया?”

“घालतो! काँक्रीट ओतून घालतो!”

“लेखी द्या.”

“पुष्कराज, लिहा काय पाहिजे ते!”

पुष्कराजने खिशातून घडी केलेला कागद काढला. टाइप केलेला, शिक्क्यासह, फक्त सहीची जागा मोकळी. ‘सदर मॉल ही स्थावर मिळकत असून मागील दोन वर्षांच्या संपूर्ण घरपट्टीस पात्र आहे. वाहनात जन्मलेल्या बालकांचे पास कंपनीच्या खऱ्या बसगाड्यांना लागू राहतील व त्यासाठी मूळ अडतीस गाड्या पुन्हा सुरू करण्यात येतील.’ इंदुमतीबाईंनी चष्मा वर करून कोपऱ्यातली तारीख पाहिली. एक एप्रिल. दुपारी आईशी भांडून गेलेल्या मुलाने त्याच संध्याकाळी तयार केलेला कागद वीस दिवस खिशात बाळगला होता.

त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. “परिशिष्टं जोडलीस?”

“सगळी,” पुष्कराज म्हणाला. “वाचून.”

इनामक्यांनी सही केली. पण बाया उठल्या नाहीत.

“आता काय राहिलं?” इनामके रडकुंडीला आले.

“लोहारवेशीतलं दार,” मेट्रन भिंगारे म्हणाल्या. “ते उघडल्याचा हुकूम हातात आला, की आमचा थांबा आला.”

हुकूम तिसऱ्या दिवशी आला. घेऊन आले ते महापौर बापूसाहेब हुलवळे, सोबत हार, कॅमेरे आणि ध्वनिक्षेपक. गाद्यांवर बाळंतिणी, कडेला गेनूभाऊ इस्त्रीच्या खाकीत, पायरीवर पुष्कराज एका हातात कुणाचं तरी बोचकं आणि दुसऱ्या हातात टेबलाचा साडेअठरा किलोचा पाय घेऊन उभा.

“आज या क्षणापासून,” बापूसाहेब गरजले, “गोरखेडच्या इतिहासात ‘स्थावर’ हा शब्द पुन्हा सन्मानाने स्थापित होत आहे! या भूमीतून आज एक नवी क्रांती...”

शबानाची मुलगी टाहो फोडून रडू लागली. तिच्यामागोमाग बाकीची दहा. पंधरा मिनिटं ध्वनिक्षेपकाला कुणी ऐकेना. बापूसाहेबांनी क्रांती मिटवून खिशात ठेवली, हुकूम मेट्रनच्या हातात दिला आणि फोटो काढून घेतला. गेनूभाऊंनी शेवटची घंटा मारली, एकदाच. गाडी थांबवायची ती घंटा. तळाखालची हवा सुस्कारा टाकून निघून गेली आणि सात मजले दोन वर्षांनी जमिनीवर टेकले.

बाया जिना उतरू लागल्या. इंदुमतीबाई गेरूचा डबा घेऊन खाली आल्या आणि इमारतीच्या कडेला शेवटची रेघ मारायला वाकल्या. तेवढ्यात बापूसाहेब कॅमेऱ्यांची नजर चुकवून त्यांच्याजवळ आले. आता हे माफी मागणार, असं बाईंना वाटलं, आणि त्यांनी मनातल्या मनात तिचा मसुदाही दुरुस्त करून ठेवला.

“रणखांबेबाई,” बापूसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “उद्या काँक्रीट ओतणार म्हणे.”

“हो. सकाळी आठला.”

“नाही, तुमच्या पंचनाम्यात नोंद आहे, म्हणून म्हटलं...” त्यांनी मागे वळून पाहिलं. “त्याआधी एकदाच जरा बोटभर उचलायला सांगता का? उजवी मी अजून जपून ठेवलीय.”